देवराईत चाललेला कोयता

डोंगराच्या पोटाशी वीस-पंचवीस घरांचं एक गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला देवराई. देवीच्या नावानं राखलेलं दाट रान. तिथलं झाड तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही. इतकंच काय, लोखंडही आत न्यायचं नाही. रानाच्या तोंडाशी एक धोंडा होता. त्याच्यापाशी कोयता ठेवायचा आणि मग आत पाऊल टाकायचं.

देवीची पूजाअर्चा गुणाजी गुरवाकडे होती. माणूस सरळ, कष्टाळू, देवीवर जीव असलेला. त्याची एकुलती एक मुलगी भागी तेव्हा सात वर्षांची होती आणि भारी चौकस. एकदा तिनं विचारलं, "आबा, काटकी का आणायची नाही? ती तर वाळलेलीच असते ना?"

याला चांगलं उत्तर होतं. रान होतं म्हणून त्याच्या पायथ्याचा झरा भर वैशाखात वाहत होता, आणि सगळं गाव त्या झऱ्यावर तहान भागवत होतं. गुणाजीला हे ठाऊक होतं. पण नैवेद्याला उशीर होत होता आणि पोरगी मागे लागली होती. तो म्हणाला, "देवराईत जो कोयता चालवतो, त्याचा बाप मरतो. देवीचा शाप आहे."

पोरीचा चेहरा उतरला. पुन्हा तिनं ब्र काढला नाही.

जेवायला वाढताना त्याची बायको मंजुळा म्हणाली, "अहो, लेकराला असलं काय सांगता? नीट समजावून सांगा की."

"समजावत बसायला वेळ जातो," गुणाजी म्हणाला. "भीती कशी, लगेच लागू पडते."

लागू पडलीच. भागी कोयता धोंड्यापाशीसुद्धा नेईना, दहा पावलं अलीकडेच ठेवून द्यायची. गुणाजी हे चारचौघांत कौतुकानं सांगायचा. आपण मोठी माणसं अशीच. पोर घाबरून गप्प बसलं की आपण त्याला गुणी म्हणतो आणि मिशीवर ताव देतो.

दोन वर्षं गेली. श्रावण लागला. गुणाजी रोज सकाळी रानात जाऊन देवीपुढची घंटा वाजवायचा आणि भागी ती ऐकून अंगणातूनच हात जोडायची. घंटा ऐकली की तिला फार बरं वाटायचं. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट एकांगी होईल.

एका सकाळी घंटा वाजलीच नाही. गाव सगळं पलीकडच्या उतारावर भात बेणायला, तण उपटायला गेलं होतं, मंजुळाही गेली होती. भागी कोयता घेऊन गवताला निघाली होती. तिच्या मनाला चैन पडेना. ती रानाकडे वळली, कोयता नेहमीच्या जागी ठेवला आणि आत शिरली.

आत ओढ्यामध्ये गुणाजी उभा होता. ओढा ओलांडताना तो घसरला होता आणि त्याचा पाय गारंबीच्या वेलीच्या पिळात अडकला होता. काठावरून पाण्यात उतरलेली मनगटाएवढी जाड वेल, ओढावं तितकी आवळत होती. तोडायला हाताशी काही नव्हतं, कारण लोखंड तर बाहेर. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळत होता आणि ओढ्याचं पाणी कमरेपर्यंत चढलं होतं.

"भागे, तुझा कोयता आण. पळ."

ती पळाली. कोयता घेऊन आली आणि काठावर उभी राहिली.

"ये अशी आणि वेल तोड."

भागी हलली नाही. "तोडली तर तुम्ही मराल, आबा."

"नाही तोडलीस तर आत्ताच मरेन, पोरी."

"शाप आहे म्हणालात ना."

पाणी छातीला लागलं होतं. तो म्हणाला, "शापबिप काही नाही गं. ते मी रचून सांगितलं. तू ऐकावंस म्हणून."

भागी हळूच म्हणाली, "मग देवीसुद्धा तुम्हीच रचली का?"

इतक्या वर्षांत गुणाजीला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एरवी त्यानं कान उपटला असता. आता खोटं बोलायला सवड नव्हती. "नाही," तो म्हणाला. "देवी मला माझ्या आईनं दाखवली. तिच्यापुढे उभं राहिलं की मला आधार वाटतो. याहून जास्त मला ठाऊक नाही. शाप मात्र माझा आहे. चूक माझी आहे."

तरीही तिचा हात उठेना. ज्यानं भीती घातली तोच समोर उभा राहून ती खोटी होती म्हणत होता, पण दोन वर्षांत ती पोरीच्या अंगात मुरली होती. पाणी हनुवटीला टेकलं. तेव्हा कुठे भागी रडत रडत काठालगतच्या उथळ पाण्यात उतरली, डोळे गच्च मिटले आणि एका हातानं वेल चाचपून दुसऱ्या हातानं घाव घातले. तिसऱ्या-चौथ्या घावाला वेल तुटली. गुणाजी काठाला लागला. त्याच्या घोट्याचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला होता.

गावात दोन तट पडले. एक तट म्हणाला, "कोयता चालला आणि काही झालं नाही. म्हणजे सगळं थोतांड. पोरांना देवाचं नावसुद्धा सांगू नका." दुसरा म्हणाला, "देवीनंच लेकीला वेळेवर धाडलं." दोन्ही तट हमरीतुमरीवर आले. भागीला मात्र कुणी काही विचारलं नाही.

भागी काय करत होती? ती रोज पहाटे उठून बापाच्या अंथरुणाशी यायची आणि त्याच्या नाकाशी हात धरून श्वास चालतोय का ते बघायची. पहिल्या दिवशी गुणाजी हसला. चौथ्या दिवशी तो तोंडावर पांघरूण ओढून रडला.

मग पायावर जरा भार देता येऊ लागताच तो काठी टेकत तिला रोज रानात नेऊ लागला. झरा कुठून येतो ते दाखवलं. रान का राखलं ते सांगितलं. देवीबद्दल तिनं विचारलं की जे माहीत ते सांगायचा, आणि नसेल तिथे म्हणायचा, "हे मला ठाऊक नाही गं."

गावातली वडीलधारी मंडळी चिडली. "गुरवबुवा, असं बोलाल तर पोरगी उद्या देवीला मानणार नाही."

"न मानू दे," गुणाजी म्हणाला. "मानलं तर मला आनंद आहे. पण बाप जिवंत आहे का, ते तिला रोज उठून बघायला लागू नये."

त्याचा पाय दोन महिन्यांत बरा झाला. पहाटे त्याच्या नाकाशी येणारा तो चिमुकला हात थांबायला मात्र तीन पावसाळे जावे लागले.

तात्पर्य: लेकरांना आपली श्रद्धा खुशाल द्यावी, तिच्याबरोबर खरी कारणं द्यावीत आणि प्रश्न विचारायची मोकळीकही द्यावी, पण देवाच्या नावानं भीती कधी घालू नये, कारण ती घालायला एक वाक्य पुरतं आणि काढायला वर्षं लागतात.