बिनदोऱ्याची माळ

रानजोंधळ्याच्या दाण्याला भोक पाडावे लागत नाही. दाणा पिकून राखाडी झाला, की त्याच्या पोटातला बारीक देठ चिमटीने ओढायचा. आरपार वाट मोकळी होते. भानगीर महाराज बेलदऱ्याच्या ओढ्याकाठी मुक्कामाला होते, तेव्हा त्यांनी हे दाणे खुडून राहीच्या ओंजळीत घातले आणि म्हणाले, "राही, मला एक माळ ओवून दे."

सगुणा शेजारीच उभी होती. तिने तालुक्याच्या बाजारातून आणलेली पोवळ्यांची माळ महाराजांनी कपाळाला लावून देवापुढे ठेवली होती. गळ्यात घातली नव्हती. त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना.

राही तिची धाकटी जाऊ. भर तारुण्यात विधवा झालेली. मरताना दिराने सगुणाला विनवले होते, "वहिनी, हिला माजघरात ठेवा." पण राहीचे अंथरूण अजून गोठ्यालगतच्या पडवीतच होते. "पोळा होऊ दे, मग बघू," सगुणा म्हणे. पोळा झाला, की दिवाळी. महाराजांनी दोनदा विचारले, "सगुणामाय, राहीचं काय ठरलं?" दोन्ही वेळा ती दूध उतू जाईल म्हणत उठली.

भजनाच्या दिवशी दुपारी राही पडवीत माळेची गाठ मारत होती. सगुणा उंबऱ्यातून म्हणाली, "गुरं तोंड लावतात त्या गवताचे दाणे महाराजांच्या गळ्यात? उद्या हरभरे ओवशील."

"हरभरे टिकायचे नाहीत, अक्का," राही हसली. "वाटेतच कुणीतरी खाऊन टाकील."

ते हसणेच सगुणाला सोसवेना. राही पाण्याला गेली, तशी तिने माळ उचलून विळीच्या पात्याला लावली. मेण लावलेल्या दुपदरी दोऱ्याचा एक पदर तुटला. दुसरा जेमतेम राहिला. कापलेली जागा तिने मण्याच्या पोटात सरकवली. भर भजनात माळ तुटेल, गाव म्हणेल हिचा हातच अशुभ, आणि माजघराचा विषय कायमचा मिटेल.

संध्याकाळी सारा गाव जमला. महाराजांनी राहीची माळ गळ्यात घातली आणि टाळ उचलले. पहिल्याच ठोक्याला दोरा तुटला. सगुणा त्याचीच वाट पाहत होती. दोरा मण्यांतून सळसळत निघाला आणि पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्याच मांडीवर येऊन पडला.

मणी मात्र एकही पडला नाही! महाराजांच्या छातीवर ते एकमेकांना खेटून जसेच्या तसे होते. त्यांच्यामधून काहीही गेलेले नव्हते.

महाराजांनी भजन पुरे केले. मग ते सगुणासमोर येऊन बसले आणि माळ तिच्या ओच्यात उतरवली. तिथे मणी सुटे झाले.

"माय, इतका वेळ मी धरली," ते हळूच म्हणाले. "आता तू ओव."

सगुणाने दोरा घेतला. टोकाचे पदर फाकत होते, एक मणी जाईना. राही जवळ सरकली. तुटलेला दोरा विसविशीत होतो. याचा एक पदर सरळ कापलेला होता. तिने ते पाहिले, सगुणाकडे पाहिले, आणि टोकाला पीळ देऊन दोरा परत तिच्या हातात दिला.

"टोकाजवळ धरा, अक्का. जाईल."

पहिला मणी गेला. सगुणाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि ते तसेच ठेवून म्हणाली, "राही, आज अंथरूण माजघरात घाल. माझ्या शेजारी."