बांधून ठेवलेले रुमाल

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात जुने कागद वाचण्याचा नाद असलेली सहा माणसे होती. दर गुरुवारी ती चावडीमागच्या खोलीत सतरंजीवर बसत आणि मोडीतली पत्रे, निवाडे, वंशावळी वाचत. कागद कापडात गुंडाळून बांधलेले असत. अशा गाठोड्याला ते रुमाल म्हणत.

मंडळींची एक रीत होती. प्रत्येकाकडे एकेक रुमाल असे. दुसऱ्याचा रुमाल कुणी सोडायचा नाही. नव्या माणसाने बारा वर्षे मागे बसायचे, शाई घोटायची, सतरंजी झटकायची आणि ऐकायचे. मग त्याला रुमाल मिळे. हे सहाही जण असेच बसले होते. त्या बारा वर्षांची आठवण कुणालाच गोड नव्हती, पण ती फुकट गेली असे मानायलाही कुणी तयार नव्हते.

तरुण येत, दोन-चार गुरुवार शाई घोटत आणि नाहीसे होत. मंडळी सुस्कारा टाकून म्हणत की हल्लीच्या पोरांना मागच्या गोष्टींची ओढच नाही.

कासाराची मुलगी सगुणा मात्र टिकली. पहिल्या दिवशी एकाने टोमणा मारला की आता कासारीण इतिहास सांगेल आणि आपण बांगड्या भरू. ती हसली आणि मागे जाऊन बसली. वाचणाऱ्याच्या खांद्यावरून बघता बघता दोन वर्षांत तिला अक्षरे लागू लागली.

मंडळींत चिंतोपंत सर्वांत शिकलेले. त्यांनी आपल्या रुमालावरून गावाचा इतिहास लिहायला घेतला होता. एका गुरुवारी त्यांनी गावचे तळे बांधणाऱ्याचे नाव वाचले, तेव्हा मागून सगुणा हळूच म्हणाली की वरच्या ओळीत दुसरेच नाव दिसते आहे. पंतांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. घरी जाऊन मात्र तो कागद तीनदा वाचला. तिचे बरोबर होते. त्यांनी लिहिलेली बारा पाने चुकली होती. त्या दिवसापासून, आणखी काय काय चुकले असेल, या विचाराने त्यांना स्वस्थ झोप येईना.

पुढे विसाजीपंत वारले. त्यांचा रुमाल फळीवर पडून राहिला. महिन्याभराने सगुणाने सर्वांसमोर विचारले, "विसाजीकाकांचा रुमाल मी वाचू का? इथेच बसून वाचते. घरी नेत नाही."

उरलेल्या पाचांत दोघे हो म्हणाले, दोघे नाही. सगळ्यांनी चिंतोपंतांकडे पाहिले. या मुलीइतकी तयार नजर आपल्यापैकी कुणाचीच नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते. आज हिला रुमाल दिला तर उद्या ही आपला इतिहास तपासायला मागेल, हेही त्यांच्या मनात आले.

"रीत ती रीत," ते म्हणाले. "अजून दहा वर्षं बस, मुली."

सगुणाने सतरंजी झटकली, घडी घातली आणि ती गेली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. "बघा, हीही टिकली नाही," कुणीतरी म्हणाले. त्यावर चिंतोपंत सर्वांत मोठ्याने हसले.

वर्षे गेली. एकेक जण गेला आणि एकेक रुमाल फळीवर चढला. शेवटी चिंतोपंत एकटे उरले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते. तरी गुरुवारी ते येऊन बसत.

एके दिवशी पाटील आले. खोली गुळाच्या ढेपा ठेवायला हवी होती. ते नम्रपणे म्हणाले, "पंत, हे वाचणारं कुणी असेल तर खुशाल राहू द्या. नसेल तर कागद गंगेला देऊ. रस्त्यावर टाकणार नाही."

चिंतोपंतांनी तीन दिवसांची मुदत मागितली. विसाजीपंतांच्या रुमालातला एक कागद घेऊन, काठी टेकत ते कासारांच्या दुकानात गेले. सगुणा एका नवरीला चुडा भरत होती. आता तिला दोन मुले होती. तिने हात पुसून पंतांना बसायला पाट दिला आणि कागद घेतला. पुष्कळ वेळ ती बघत राहिली.

"अक्षरं ओळखीची वाटतात, पंत, पण जुळत नाहीत," ती म्हणाली. "दोन वर्षं मागं बसून नुसती बघितली होती. कागद हाताखाली आला असता, तर राहिली असती."

"पुन्हा येतील," पंत घाईघाईने म्हणाले. "मी शिकवतो. उद्यापासून शिकवतो."

सगुणाने त्यांच्या पांढुरक्या बुबुळांकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हाला तरी दिसतं का आता?"

तिने कागद नीट घडी करून त्यांच्या हातात दिला आणि त्यांना पायरीपर्यंत सोडले.

चौथ्या दिवशी गावकऱ्यांनी रुमालांना हळदकुंकू वाहिले आणि ते डोहात सोडले. परतताना पाटलांच्या नातीने पंतांना विचारले, "आजोबा, काय होतं हो त्यांत?"

सहा रुमालांपैकी पाचांतले कानावर पडले तेवढेच चिंतोपंतांना माहीत होते. सहाव्यातले माहीत होते, असे त्यांना वाटत होते. त्यांनी तळ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि बांधणाऱ्याच्या नावापाशी, सगुणाने चूक दाखवली होती त्याच जागी, येऊन ते थांबले. मुलगी थोडा वेळ थांबली, मग पुढे पळून गेली.

तात्पर्य: आपण सोसले तेवढे दुसऱ्यानेही सोसावे, असा हट्ट धरणारा वारसा जपत नाही, तो स्वतःची चूक झाकत असतो, आणि झाकता झाकता ती सुधारू शकणारा हातही गमावून बसतो.