धुक्यातली सुई

“पण बुवा, त्यात पेशंटचं नुकसान काय?” डॉक्टर निहारने विचारलं.

बुवा वल्हं मारत राहिले. उत्तर द्यायची त्यांना कधीच घाई नसे. निहारला नाडी धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आता दवाखाना सोडून ते मठीत राहत आणि आल्या-गेल्याला खाडीपार नेऊन सोडत.

धुकं असं दाटलं होतं, की होडी पाण्यावर आहे का ढगात, कळू नये. मागच्या फळीवर हिराकाकी पदर डोक्यावरून घेऊन पेंगत होती. डोकं दुखतं म्हणाली, तर निहारने तिला थेट पलीकडच्या स्कॅन सेंटरचा रस्ता दाखवला होता. त्यापायी तिने कानातली फुलं मोडली होती. तिच्या स्कॅनमागे सेंटरकडून निहारच्या घरी पाकीट येणार होतं, नेहमीसारखं. आज तर सेंटरात त्याचा सत्कारच होता.

“तालुक्यात त्याच्यासारखं दुसरं सेंटर नाही, बुवा. पाकीट नसतं तरी मी तिथेच पाठवलं असतं.”

“फोन झकास आहे रे.”

“त्यांनीच दिला. दिवाळीला.” निहार लाजला. जरासाच.

फोनच्या कव्हरला चुंबकाचं झाकण होतं. बुवांनी तो मागून घेतला आणि होडीत बसवलेल्या होकायंत्राला लागून, होडीच्या पुढच्या टोकाकडे ठेवला.

“सुई कुठे दाखवते?”

“उत्तरेला. सेंटरकडे.”

“आणि जायचंय कुठे?”

“तिकडेच की! बघा, फोन असला काय, नसला काय… मी दुसरं काय सांगतोय?”

“खरंच की,” बुवा म्हणाले, आणि एकाच बाजूने वल्हं मारू लागले.

झोपेत कुणी कूस बदलावी तशी होडी हळूहळू वळत गेली. निहारचं लक्ष सुईवर. ती टोकाकडे बोट दाखवून बसली होती, जागची हलली नाही. किती शहाणी दिसत होती!

…मग देवळाची घंटा वाजली. समोरून.

निहार ताठ झाला. ते काठावरचं देऊळ तर त्यांनी निघतानाच पाठीमागे सोडलं होतं.

हिराकाकी दचकून जागी झाली. “इलो काय ओ दवाखानो?”

निहारने फोन उचलला आणि लांब मागे, काकीच्या पायाशी असलेल्या टोपलीत टाकला. सुई गर्रकन फिरली, थरथरली, आणि त्याच्या पाठीकडे, खऱ्या उत्तरेकडे, तोंड करून थांबली.

तो मागे वळून म्हणाला, “काकी… डोकं कधीपासून दुखतंय?”

“चष्मो फुटलो तेवापासून. तुमी इचारलात खंय?”

“मी तिला खोटं नव्हतं सांगितलं, बुवा.”

बुवांनी होडी वळवायला घेतली.

“सुईसुद्धा खोटं बोलली नाही रे. तिला उत्तरेपेक्षा जवळचं कुणीतरी भेटलं, एवढंच.”