रेणुकाचा गुडघा

नदीकाठच्या एका गावात केझिया नावाची एक तरुणी राहत होती. तिचं घर चर्चच्या मागच्या आळीत. वडील चर्चची घंटा वाजवायचे, आई दवाखान्यात नर्स होती. केझिया खो-खो खेळायची. कॉलेजात असताना ती जिल्ह्याच्या संघात होती. ती पळायला लागली की तिला शिवणं भल्याभल्यांना जमत नसे. प्रत्येक सामन्याआधी ती मैदानाच्या कडेला डोळे मिटून उभी राहायची आणि प्रभूचं नाव घ्यायची.

गावाबाहेर दगडाची खाण होती. खाणीवर राबणारी माणसं तिथेच पत्र्याच्या झोपड्यांत राहायची. त्यांच्या मुलींची शाळा लहानपणीच सुटायची आणि हातात खडी फोडायची हातोडी यायची. कॉलेज संपल्यावर केझियाच्या मनात आलं, देवाने आपल्याला पाय दिलेत, ते या मुलींच्या कामी यावेत. चर्चच्या तरुण संघाने साथ दिली. तिने वस्तीजवळचं माळरान साफ केलं, दोन खांब रोवले आणि मुलींना खेळायला बोलावलं. ती त्यांच्या डोक्यातल्या उवा काढायची, नखं कापायची, आयांशी भांडून त्यांना पुन्हा शाळेत बसवायची. चर्चला या, असं ती कुणालाही म्हणाली नाही. तिचं मन चांगलं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते काही दुष्टाच्या हातून घडलं नाही.

त्या मुलींत रेणुका सगळ्यांत चपळ होती. तिला बाप नव्हता. आई हौसाबाई खाणीवर पाट्या उचलायची. रेणुकाचा खेळ पाहून जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहाने तिला निवडलं. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. हौसाबाईने लेकीसोबत द्यायची गोधडी धुऊन वाळत घातली. त्या वस्तीतून आजवर कुणी खाण सोडून गेलं नव्हतं.

इकडे केझिया दर रविवारी चर्चमध्ये उभी राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय काय केलं ते सगळ्यांना सांगायची. आज मुलींनी हे केलं, काल ते केलं, प्रभूने खाणीत फुलं फुलवली. बायका डोळे पुसायच्या. पुढे पुढे असं झालं, की माळावर खेळ चालू असतानाच रविवारी काय सांगायचं याची जुळवाजुळव तिच्या मनात चालायची. चर्चचे म्हातारे पाळकसाहेब एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाले, "केझिया, तुझ्या साक्षीत मला प्रभूपेक्षा तूच जास्त ऐकू येतेस, बेटा."

तिला ते लागलं. साहेबांचं वय झालंय, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

तालुक्याच्या स्पर्धा आल्या. खाणीच्या मुली एकेक संघ हरवत अंतिम सामन्यात पोहोचल्या. पण त्याआधीच्या सामन्यात रेणुकाचा पाय गुडघ्यात मुरगळला. ती लंगडत केझियाकडे आली.

"ताई, गुडघ्यात कटकन् वाजलं. पाय टेकवत नाही."

केझियाने पाहिलं. गुडघा सुजायला लागला होता. असा पाय पळवायचा नसतो, हे तिनेच मुलींना शिकवलं होतं. राखीव मुलगी बाकावर बसली होती, पण ती पळायला संथ. मैदानाच्या कडेला चर्चची मंडळी टेम्पो भरून आली होती. कुणीतरी हारही आणला होता. केझियाने त्यांच्याकडे पाहिलं, मग रेणुकाकडे.

"एवढाच एक सामना, रेणुका. मी प्रार्थना केलीय. देव तुला काही होऊ देणार नाही."

रेणुका तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ताई देवाचं नाव घेऊन खोटं बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने गुडघ्याला ओढणी करकचून बांधून घेतली आणि ती उठली.

केझियाने प्रार्थना केली होती हे खरं. पण ती सामन्यासाठी होती. गुडघा तिच्या प्रार्थनेत कुठेच नव्हता.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी अशी वेळ आली, की शिट्टी होईपर्यंत रेणुका बाद झाली नाही तर खाणीच्या मुली जिंकणार. रेणुका पळत राहिली. दात आवळून, एका पायावर भार टाकत, हुलकावण्या देत पळत राहिली. खांबाला वळसा घालताना तिचा गुडघा आतल्या बाजूला मोडला आणि ती किंचाळून खाली पडली. त्याच क्षणी शिट्टी झाली.

खाणीच्या मुली जिंकल्या होत्या. टाळ्या वाजत होत्या. रेणुका उठली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातले अस्थिबंध तुटलेत. शस्त्रक्रियेने ती चालू लागेल, पण पळणं संपलं. केझियाने हळूच विचारलं, "शेवटचा सामना खेळली नसती तर?"

"नुसतं मुरगळणं होतं ते. जपलं असतं तर भरून आलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे गेले.

केझिया भिंतीला टेकून खाली बसली. क्रीडा वसतिगृहाने रेणुकाची जागा दुसऱ्या मुलीला दिली. वाळत घातलेली गोधडी हौसाबाईने पुन्हा झोपडीत अंथरली आणि तिच्यावर लेकीला निजवलं.

रविवार आला. चर्चमध्ये वेदीजवळच्या टेबलावर विजयाचा चषक ठेवला होता. मंडळी खूश होती. मुलीच्या पायाचं वाईट झालं, पण खेळात असं व्हायचंच, असं सगळे म्हणत होते. केझियाला साक्षीला बोलावलं. तिला गप्प राहता आलं असतं. रडून अपघाताची गोष्ट सांगता आली असती, आणि सगळ्यांनी तिलाच धीर दिला असता. ती उभी राहिली.

"रेणुकाने मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "पाय टेकवत नाही म्हणाली होती. तुम्ही सगळे बघायला आला होता, म्हणून मी तिला खेळवलं. देव काही होऊ देणार नाही, असं मी तिला सांगितलं. देवाने मला तसं काही सांगितलं नव्हतं."

उपासना संपल्यावर एक जण म्हणाला, "चारचौघांत हे बोलायची काय गरज होती? चर्चचं नाव खराब झालं." तरुण संघाने वस्तीवरचं काम थांबवलं. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. केझियाचं झालं नाही.

ती पाळकसाहेबांकडे गेली. "आता मी काय करू?"

"तिच्याकडे जा."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"दुसरं आहे का तुझ्याकडे?" साहेब म्हणाले.

ती गेली. हौसाबाई दारातच उभी होती. तिने विचारलं, "ताई, तुमचा देव जिंकला का?"

आत रेणुकाने तोंड भिंतीकडे फिरवलं. केझियाने दारातली रिकामी घागर उचलली, वस्तीच्या टाकीवरून भरून आणली आणि ठेवली. हौसाबाईने ती तिच्यादेखत जमिनीवर ओतून दिली. केझियाने पुन्हा भरून आणली. ती हौसाबाईने ओतली नाही, पण तिच्यातलं पाणी प्यायलीही नाही.

केझिया रोज जाऊ लागली. शस्त्रक्रियेनंतर पाय वाकवण्याचे व्यायाम होते, ते करवून घेऊ लागली. रेणुका दुखण्याने ओरडायची, तिला ढकलून द्यायची. बाकीच्या मुलींना आयांनी खेळायला पाठवणं बंद केलं. माळावर पुन्हा काटेरी झुडपं वाढली. एकेक मुलगी खडी फोडायला बसली. घरी आल्यावर केझिया गुडघे टेकायची, पण तिला शब्द सुचायचे नाहीत. रिकाम्या खोलीत बसल्यासारखं वाटायचं.

पुढे रेणुका काठी टेकत चालू लागली आणि तीही खडीच्या ढिगाशी बसू लागली. एके दिवशी हातोडी थांबवून तिने विचारलं, "ताई, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो. सांगितलं होतंस."

"मग ऐकलं का नाही?"

"मला जिंकायचं होतं."

"देवाला?"

"नाही गं. मला."

रेणुकाने हातोडी उचलून समोरचा दगड फोडला. तिने माफ केलं म्हटलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मग म्हणाली, "येत जा तुम्ही. आईला पाणी भरणं होत नाही आता. पण माझ्यासमोर देवाचं नाव घेऊ नका."

"नाही घेणार," केझिया म्हणाली.

तिने शब्द पाळला. ती वर्षानुवर्षं त्या वस्तीवर जात राहिली. पाणी भरायची, कुणाला ताप आला तर दवाखान्यात न्यायची. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायची आणि साक्षीला उठायची नाही. रेणुका पुन्हा कधी पळाली नाही. दोघी कधी बाजाराला निघाल्या, तर केझिया तिच्या पावलाने चालायची आणि वाटेत दोघीही फारसं बोलायच्या नाहीत.

तात्पर्य: ज्याची सेवा करायची त्याचं आधी ऐकावं. स्वतःच्या हौसेला देवाचं नाव दिलं तर दुसऱ्याचं आयुष्य मोडतं, आणि मोडलेलं सगळंच पश्चात्तापाने जुळत नाही. तरीही मोडणाऱ्याने तिथून पाय काढू नये.