पापणीवरच्या सोनेरी रंगाबाबत

विषय : पापणीवर लावायच्या चमकदार क्रीम आयशॅडोचा रंग, पोत व टिकाऊपणा यांबाबत.

संदर्भ : कु. पद्मजा मगदूम, राहणार मिरज, यांनी उस्ताद दस्तगीर तांबोळी यांच्याकडे दिलेला एकपानी अर्ज. सोबत प्रमाणपत्राची प्रत.

उपरोक्त विषयास अनुसरून झालेली विचारणा अशी…

“ते सगळं ठीक आहे उस्ताद, पण त्यात तुम्ही कुटून घालता काय?”

पद्मजाने हे चौथ्यांदा विचारलं होतं. उस्तादांनी चौथ्यांदा तिच्याकडे पाहिलं आणि बशीतला चहा संपवला.

दस्तगीर उस्तादांनी पन्नास वर्षं नाटक कंपन्यांमधले चेहरे रंगवले. पुढे कंपन्या बसल्या, पण चेहरे रंगवून घेणारे काही कमी झाले नाहीत. आता ते नवऱ्या मुलींचे डोळे रंगवत. सकाळी नऊला लावलेला रंग रात्री वरात घरी पोचेपर्यंत जागचा हलत नसे. मिरजेत हे सगळ्यांना माहीत होतं. कसं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तर्क मात्र पुष्कळ होते. त्यांच्यासमोर बसून आलेली प्रत्येक मुलगी एकच सांगे. उस्ताद डोळे मिटायला लावतात, आणि मग खोलीत काहीतरी कडक फुटल्याचा आवाज येतो. कट… कट… कुणी म्हणे, मोती फोडतात. कुणी म्हणे, अभ्रक. एक आत्या तर हाडं म्हणाली होती, पण तिचं आणि उस्तादांच्या घरच्यांचं पूर्वीपासून बरं नव्हतं.

पद्मजाचा कौल मोत्यांना होता.

तिच्याकडे पुण्याचा सहा महिन्यांचा डिप्लोमा होता, भिंतीवर फ्रेम होती आणि स्वतःचं पार्लर होतं. पार्लरमधल्या शाम्पूच्या प्रत्येक बाटलीवर, संध्याकाळी जितका शाम्पू उरला असेल तिथे, पेनाने रेघ मारलेली असे. मदतीच्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून ती रेघ बाटलीच्या मागच्या बाजूला असे. बाईंना ती पहिल्या दिवशीच दिसली होती.

इतकी सावध मुलगी, पण जानेवारीत मामेबहिणीच्या लग्नात तिचा घात झाला. तिने नवरीच्या पापण्यांना महागातला रंग लावला होता. पिकल्या चिकूच्या गरासारखा तांबूस, त्यात सोन्याची बारीक झाक. बोटाला सायीसारखा लागणारा. लावताना पद्मजा दर दोन मिनिटांनी “उघड बघू, उघड बघू” म्हणत डोळा तपासत होती. एवढ्या तपासणीनंतरही अक्षता पडायच्या सुमारास सगळा रंग पापणीच्या घडीत गोळा झाला. वर कोरडी पापणी, आणि मधोमध तुपाच्या ओघळासारखी एक सोनेरी रेघ. व्हिडिओवाल्याला ती फार आवडली. त्याने कॅमेरा तिथेच धरून ठेवला.

आता धाकट्या बहिणीचं, सुवर्णाचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं.

सुवर्णाने त्या व्हिडिओवर अवाक्षर काढलं नव्हतं. तिची तक्रार वेगळी होती. त्या रंगाच्या पद्मजाकडे दोन डब्या होत्या, त्यातली एक मागच्या मंगळवारी नाहीशी झाली. पद्मजाने सुवर्णाला एकदा विचारलं, मग वेगळ्या शब्दांत विचारलं, मग ती आंघोळीला गेलेली असताना तिची बॅग उघडून पाहिली. सुवर्णा आंघोळीहून लवकर आली. तेव्हापासून दोघींमधलं बोलणं आईमार्फत चालू होतं, आणि आईने कालच निरोप आणला होता की सुवर्णा कोल्हापूरच्या बाईंना बोलावणार आहे.

म्हणजे सख्ख्या बहिणीच्या लग्नात पद्मजा पाहुण्यांसारखी पेढा घेऊन बाजूला बसणार. आणि सगळं मिरज विचारणार.

अर्ज जानेवारीतल्या त्या रेघेपायी आधीच केला होता; आता त्याची निकड वाढली.

अर्ज करायचं कारण असं की उस्ताद तोंडी मागणी घेत नसत. पूर्वी त्यांच्याकडे एक जण सात वर्षं शिकला आणि पुढे मोठा झाल्यावर, आपण कुणाकडेच शिकलो नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं. तेव्हापासून ज्याला काही हवं असेल त्याने कागदावर मागायचं आणि कागद रंगाच्या पितळी डब्याखाली ठेवायचा, असा नियम झाला. पद्मजाने मागितलं होतं, ‘आपल्या रंगाचे रहस्य कळावे, ही विनंती.’ बहिणीच्या लग्नाची तारीखही घातली होती, निकड कळावी म्हणून.

त्याला आज तीन आठवडे झाले. ती रोज येई, बसे आणि खोली न्याहाळे. खाट, उशी, चुलीशेजारचं फडताळ. मोती ठेवायला जागा कमी नव्हत्या.

“मोती घालता का?” तिने सरळच विचारलं.

उस्ताद म्हणाले, “बैस इथं.”

ती खिडकीपाशी बसली. ते तिच्या डाव्या हाताला, खाटेच्या कडेवर टेकले.

“तुझी डबी आण.”

तिने उरलेली डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी सांगितलं, उजव्या डोळ्याला तुझा रंग, डाव्याला माझ्या डब्यातला. दोन्ही डोळे मिटायचे. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत.

“का?”

“अर्ज तुझा आहे.”

तिने डोळे मिटले. उजव्या पापणीवर त्यांचं बोट आलं. म्हातारं, खरखरीत, पण इतकं हलकं की रंग ठेवला की नुसता दाखवला, हे कळू नये. मग बोट गेलं. आणि आवाज सुरू झाला.

कट… कट… कट…

पद्मजाने ओळखलं. डाव्या डोळ्याची तयारी चालली आहे. ती शांत बसली. उजवीकडे तिचीच डबी होती. झाकणाचा आवाज तिने नीट ऐकला होता. आपल्याच मालावर काय पाळत ठेवायची?

बराच वेळ गेला. मग डाव्या पापणीवर बोट आलं. तसंच हलकं. बोट गेलं, आणि पुन्हा…

कट.

आता मात्र तिला राहवेना. रंग तर लावून झाला. मग आता काय फोडतात? आता फोडलेलं कुठे घालतात? तिने डावा डोळा किलकिला केला. एक फट. त्या फटीतून उस्तादांचा हात दिसला, हातात काहीतरी चमकलं. तिने फट थोडी वाढवली. मिटली. पुन्हा उघडली.

अडकित्ता होता. उस्ताद सुपारी कातरत होते.

ती मनात म्हणाली, हे दाखवायला ठेवलंय.

सुपारी कातरून संपली. उस्तादांनी अर्धी तोंडात टाकली आणि म्हणाले, “उघड.” तिने दोन्ही डोळे एकदम उघडले; जराही घाई केली नाही, संशय येऊ नये म्हणून.

त्यांनी तिला उन्हातून लक्ष्मी मार्केटला पिटाळलं. सुपारी आण म्हणाले, सावकाश आण, आणि चार वाजेपर्यंत आरशात बघू नकोस. ती गेली. वाटेत दोन मोटारसायकलींचे आरसे आणि एक दवाखान्याची काच लागली. तिकडे तिने मान फिरवून घेतली, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

चार वाजता उस्तादांनी आरसा दिला.

उजवा डोळा सकाळी होता तसाच होता. पापणी मिटली की तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी मंद लकाकी, कडेपर्यंत एकसारखी. घडी कोरडी आणि स्वच्छ.

डाव्या डोळ्याच्या घडीत सोनेरी रेघ होती.

पद्मजाने आरसा उजेडाकडे नेला. परत आणला. पुसला.

“तुम्ही अदलाबदल केलीत,” ती म्हणाली. “डावीकडे माझा लावलात.”

उस्तादांनी सुपारीची पुडी तिच्या हातून घेतली.

“केलीत ना?… नाहीतर बाजारातला रंग टिकला आणि तुमचा उतरला, हे मी कुणाला सांगू? माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?”

उस्तादांनी पितळी डबा उचलला, खालचा अर्ज बाजूला केला आणि डबा तिच्यापुढे सरकवला. शेजारी तिची डबी ठेवली.

“मनगटावर लाव,” ते म्हणाले. “दोन्ही.”

तिने लावले. डब्यातला रंग इतक्या जवळून ती आज पहिल्यांदाच पाहत होती. काळवंडलेल्या पितळेत तो जुना, जड, खानदानी दिसत होता. मनगटावर आल्यावर मात्र तो नुसता तांबूस झाला. पिकल्या चिकूच्या गरासारखा. सायीसारखा लागणारा. तिने दोन्ही पट्टे उन्हात धरले. बोटाने चोळले. वास घेतला. सहा महिन्यांच्या डिप्लोम्यात जे जे शिकवलं होतं ते सगळं करून पाहिलं.

कुठला कुठला, तिला सांगता येईना.

“हा…” ती म्हणाली, “हा माझा आहे.”

“हो.”

“दोन्ही माझे आहेत?”

“माझा दिवाळीतच संपला. आता कोण घोटत बसतं? मागच्या मंगळवारी तू पेटी उघडून दाखवत होतीस, तेव्हा एक डबी इथं राहिली. म्हटलं, बघू कसा आहे. चांगला आहे. डब्यात भरून ठेवला.”

पद्मजाने मनगट पुन्हा एकदा उन्हात धरलं.

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंस कुठं? मोत्यांचं विचारलंस. कुटायचं विचारलंस. उशीखाली काय आहे ते विचारलंस. डबी इथं राहिली का, तेवढंच विचारायचं राहिलं.”

“मला वाटलं…”

ती थांबली. काय वाटलं होतं, ते आईमार्फत सगळ्या घराला माहीत होतं.

“मी सुवर्णाची बॅग…” ती म्हणाली.

उस्तादांनी नवी सुपारी पुडीतून काढली, पाहिली, आणि परत ठेवली.

“सगळा संशय माझ्यावर,” ते म्हणाले, “आणि नेमका हा एवढा बहिणीवर?”

गल्लीतून सतारीच्या तारा लावण्याचा आवाज येत होता. कुणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा छेडून पाहत होतं. अजून पटला नव्हता, असं दिसलं.

पद्मजाने पदराच्या टोकाने डाव्या, किलकिल्या केलेल्या डोळ्याची घडी पुसली. रेघ गेली. आता एका डोळ्याला रंग होता आणि एकाला नव्हता. तशीच ती सरसावून बसली. तिने आवाज साफ केला.

“झालं ते झालं, उस्ताद. लग्नाला अकरा दिवस आहेत. मला एवढंच सांगा. रंग नेमका किती लावायचा, बोट कुठून कुठे न्यायचं, रंग सुकेपर्यंत कातरायला सुपारी केवढी घ्यायची. मी लिहून घेते. सुवर्णाला तसाच लावते.”

उस्तादांनी अर्ज हातात घेतला. चष्मा लावून सुरुवातीपासून वाचला. प्रमाणपत्राची प्रतही वाचली. मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.

“हात बसलाय तुझा,” ते म्हणाले. “रंग चांगला आहे. सुपारी कुठलीही चालते.”

“मग?”

त्यांनी अर्जाची घडी घातली.

“ती तुझ्यासमोर डोळे मिटेल का, ते विचारून ये.”

पद्मजा उठली. चपला घालून दारात थोडा वेळ उभी राहिली, मग घराच्या दिशेने गेली. तिची डबी तिथेच राहिली.

अर्ज पितळी डब्याखाली आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.