मोगरीच्या गोड श्वासाची कहाणी

ऐक गं गव्हाणाई, दावणीच्या देवी, तुझी कहाणी. एक आटोपशीर नगर होतं. नगराच्या कडेला एका गवळ्याचं घर होतं. घरात भागाई नावाची सासू होती, ठकू नावाची सून होती. मुलगा कळप घेऊन दूरच्या कुरणात असे, सणावारी घरी येई. दावणीला एकच गाय, मोगरी. ठकूच्या आईनं ती आंदण दिली होती. पुढं आई गेली, घर बंद झालं. माहेर म्हणून ठकूला उरली ती एवढी एक गाय.

ठकू भारी भित्री. पाल चुकचुकली की दचके, भांडं पडलं की दचके, भिंतीवर आपलीच सावली हलली तरी दचके. पण एक होतं. दचकली म्हणून पळून जात नसे. पुन्हा वळून बघे, हे काय बरं होतं? सासू म्हणे, सुनेचं काळीज चिमणीचं आणि डोळे घारीचे.

मोगरी गाभण राहिली. मग तिचं दूध आटलं. मग नगरच्या बायांनी एक व्रत धरलं. गाभण गायीला शुक्रवारी नैवेद्य न्यावा, तिचं पोट भरावं, म्हणजे आपलं घर भरतं. सगळा कळप कुरणात, हाताशी गाय एकच. मग एकीनं पुरण आणलं. दुसरीनं तूप-गूळ-भात आणला. तिसरीनं पेंडीचे लाडू वळून आणले. शुक्रवार पुरेना, तशा सोमवारी येऊ लागल्या. सोमवार पुरेना, तशा रोज येऊ लागल्या. दर्शनाला गाय जागेवर हवी, म्हणून भागाई तिला चरायला सोडीना. मोगरी उभी राही आणि खाई, बसे आणि खाई.

मोगरीचं अंग भरलं. शेपटीच्या मुळाशी उशा आल्या. बरगड्या दिसेनात. भागाई कौतुकानं तिच्या पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवी, तो ढळत नसे. बाया म्हणत, भागाबाई, लक्ष्मी बसलीय हो तुमच्या दावणीला.

एके दिवशी ठकू गाय धूत होती. पाठीवर पाणी ओतलं आणि दचकली. पाणी ओघळलंच नाही. कण्यावर पन्हळ झाली होती, तिच्यात पाणी उभं राहिलं, पाण्यात आभाळ दिसलं. ठकूनं सासूला विचारलं, हे पाणी थांबलं कसं? सासू म्हणाली, गाय अंगानं आहे म्हणून. ठकू म्हणाली, मग कुरणातल्या गायींच्या पाठीवरून ओघळतं ते? सासू म्हणाली, तुझ्या आईनं आंदणात गाय दिली का शंका दिल्या? ठकूनं गाय पुसून काढली. पण मनात ते पाणी तसंच उभं राहिलं.

मग मोगरी व्याली. अडून व्याली, सगळ्यांना घाम फोडून व्याली. पांढरी कालवड झाली. चीक निघाला, मग दूध आलं, चरवीवर चरवी भरली. घरात आनंद झाला, नगरात साखर वाटली. मग मोगरीनं लाडवावरून तोंड फिरवलं. मग पेंडीवरून फिरवलं. कडब्याचं एखादं चिपाड चघळी, तेही अर्धं सोडी. दूध मात्र येतच राहिलं आणि मोगरी वाळत चालली. ठकूला नवल वाटलं. ही खात तर नाही, मग दूध येतं कुठून?

एके दुपारी तिनं गायीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि दचकून मागं सरली. मोगरीच्या श्वासाला गोड वास येत होता. फार पिकून तसंच राहून गेलेल्या फळासारखा.

ठकूनं सासूला सांगितलं. सासूनं शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं नगराला सांगितलं. मग नगर लोटलं. लोक म्हणाले, गायीच्या मुखी देवी आली, श्वासाला प्रसादाचा वास आला. बाया रांगेनं यायच्या, वास घ्यायच्या, डोळे मिटायच्या, नैवेद्य ठेवायच्या. कालचा नैवेद्य तसाच, त्यावर आजचा. मोगरी खुंट्याला डोकं टेकून उभी. आता दूधही सरत आलं. कालवड आचळाला लुचे, ढुशी देई, हंबरे.

बाया गेल्या तशी ठकू गोठ्यात बसून रडली. ही गेली की मला माहेर नाही, म्हणाली. डोळे पुसून वर पाहिलं, तर गव्हाणीत एक बाई बसलेली. केसांत गवताच्या काड्या, पदराला शेणाचा हात, मांडीवर कालवडीचं डोकं. ठकू दचकली.

बाई म्हणाली, भितेस तर पळ की. ठकू म्हणाली, भिते, पण विचारायचंय. बाई हसली. म्हणाली, तीनदा विचार.

ठकूनं पहिल्यांदा विचारलं, पाठीवर पाणी का थांबलं? बाई म्हणाली, कातड्याखाली चरबी साठली. कण्याच्या दोन्ही अंगांना बांध आले, मध्ये पन्हळ राहिली. नगरानं भक्तीनं घातलं, तुम्ही हौसेनं घातलं, चालू कुणी दिलं नाही. ते जाईल कुठं?

ठकूनं दुसऱ्यांदा विचारलं, खात नाही तर दूध कुठून येतं? बाई म्हणाली, पाठीवरून येतं. लठ्ठ होऊन व्यालेल्या गायीची भूक लवकर मरते. दूध काही थांबत नाही. मग ती आपलंच अंग खाते. साठलेलं सगळं एकदम वितळतं आणि पोटातल्या काळजावर, म्हणजे यकृतावर, लोटतं.

ठकूनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि वास? बाईनं बोट केलं. नैवेद्याशेजारी कुणी निरांजन ठेवलं होतं. तूप काठोकाठ, वात त्यात बुडालेली. धड जळत नव्हती, धड विझत नव्हती, नुसती धुपत होती. बाई म्हणाली, "काळजाचं असंच झालंय. पुढ्यात येतं ते झेपत नाही. अर्धवट जळतं आणि श्वासातून बाहेर पडतं. तो वास माझा नाही गं. तिच्या भुकेचा आहे."

ठकूनं मोगरीच्या गळ्यात हात टाकला. म्हणाली, मग मी करू काय? बाई म्हणाली, हा चौथा झाला. पण देते. रोज रिकामा हात घेऊन गोठ्यात यावं. तो गायीच्या बरगडीवरून फिरवावा. मग आपल्याच हाताला विचारावं. मुठीच्या गाठींसारखं लागलं, तर घास वाढवावा. तळव्याच्या गादीसारखं लागलं, तर घास आवरावा, गाय चालवावी. पंजाच्या पाठीसारखं लागलं, हाड कळतंय पण टोचत नाही, तर हात जोडावे. गाय आटली की करावं, गाभणपणी करावं, व्याली तरी करावं. जड झालेली गाय व्यायच्या तोंडावर मात्र उपाशी ठेवू नये, तेही तितकंच वाईट. हा माझा वसा. आज आधी वैद्य बोलाव. गोड आत येऊ देऊ नकोस.

ठकूनं डोळे मिटले, उघडले. गव्हाणीत नुसता कडबा होता.

मग ठकूनं गुरांच्या वैद्याला निरोप धाडला. मग गोठ्याचं दार ओढून घेतलं. मग उंबऱ्यावर उभी राहिली. तोवर बाया आल्या. पुढं नगरशेटीण, हातात ताट, ताटात पुरण. भागाई धावत आली, हळूच म्हणाली, अगं, देवाचं ताट दारातून परतवतेस, तोंड कुठं दाखवू मी? ठकू उंबऱ्यावरून हलली नाही. म्हणाली, ताटं बाहेर ठेवा आणि रिकाम्या हातानं आत या.

नगरशेटीण मागं वळून बायांना म्हणाली, बघा गं, पालीला भिणारी आज नगराला अडवतेय.

"पालीला अजून भिते," ठकू म्हणाली. "तुम्हांलाही भिते. पण ती माझ्या आईची गाय आहे आणि ती उपाशी आहे."

उपाशी म्हटल्याबरोबर भागाईचा चेहरा उतरला. तिच्या दावणीच्या जनावराला हा शब्द कुणी कधी लावला नव्हता. ती एकटी आत गेली. तांब्या ठेवायची तिथं हात ठेवला. हाताला हाड टोचलं. बरगडीवर हात ठेवला, तिथंही टोचलं. पुढ्यात नैवेद्याची रास आणि गाय तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. भागाईनं ती रास गायीपुढून बाजूला सारली. मग बाहेर आली, नगरशेटीणीच्या हातातलं ताट घेतलं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं. म्हणाली, जा, हात लावून या. एकेक बाई आत गेली, बाहेर येऊन आपलं ताट उचलून घरी गेली.

मग वैद्य आला. त्यानं शिरेतून औषध सोडलं, तोंडावाटे पाजलं. म्हणाला, रोज येईन, गर्दी नको. भागाईनं मुलाला सांगून कुरणातली एक दुभती गाय आणवली, कालवडीची सोय केली. ठकू रोज हिरवी वैरण थोडी थोडी पुढं करी, मोगरीला तळ्यापर्यंत हळूहळू चालवी. पहिल्यांदा मोगरीनं नुसतं हुंगलं. दुसऱ्यांदा एक काडी ओठांत धरली. तिसऱ्यांदा ठकूच्या काखेतली पेंढीच ओढली. ठकू दचकली आणि हसली.

मग एके सकाळी ठकूनं तिच्या तोंडाशी तोंड नेलं. गोड वास नव्हता. नुसता चाऱ्याचा होता, रवंथाचा होता, गायीचा होता. ठकू पळत घरात गेली, सासूबाई, वास गेला, म्हणाली. नगरशेटीण दारात आली होती, ती हळहळली. म्हणाली, म्हणजे देवी गेली म्हणायची.

भागाई म्हणाली, "नाही बाई. देवी आत्ता आली."

मग दिवस गेले. मोगरी पुन्हा गाभण राहिली. नगरच्या बाया पुन्हा आल्या. या खेपेला रिकाम्या हातानं आल्या, बरगडीवर हात फिरवून गेल्या. ताटं ज्याला भूक होती त्याच्यापुढं गेली. मोगरी रोज रानात गेली. आणि एके दिवशी ठकू तिला धूत होती. पाठीवर पाणी ओतलं. चुलीपाशी बसलेल्या भागाईनं हाक मारून विचारलं, ओघळलं का गं? पाणी पाठीवरून बरगड्यांवर आलं, बरगड्यांवरून ठकूच्या पायांवर आलं. गार लागलं, तशी ठकू दचकली. ओघळलं, म्हणाली.

गव्हाणाई ठकूला पावली तशी तुम्हां-आम्हांला पावो. आपली गाय, आपली लेक, बाळंतपणातून धड उठो, भुकेनं जेवो. साठ बोलांत सांगायची होती, पाच बोलांत आवरली. ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, इथं पुरी होवो.