सात रविवारांचं शिसं

“...मग अकरा घोड्यांतला पहिला कोण, चाचा?”

नबीचाचा खोगिराला टाके घालत होते. रेसकोर्सवर घोड्यांवर वजन चढवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. आता तबेल्यामागच्या झाडाखाली बसून ते फाटकी खोगिरं शिवत.

विचारणारे होते पोंक्षे. वर्तमानपत्रात शर्यतीच्या टिप्स देत. सलग सात रविवार त्यांनी सांगितलेला घोडा पहिला आला होता आणि तेव्हापासून ते चहासुद्धा मान वर करून पीत.

“तुम्हीच सांगा,” चाचा म्हणाले. “जाणकार तुम्ही.”

“छोट्या शर्यती मला कळतात. ही वर्षातल्या सगळ्यात मोठ्या बक्षिसाची. आठ दिवस डोकं फोडतोय, सगळे सारखेच दिसतात. असं का?”

“छोट्या शर्यतीत अर्धे घोडे फिरायला येतात. मोठ्या बक्षिसाला सगळेच पळायला येतात.”

“ते ठीक. पण पाच वाजायच्या आत मला छापायला घोड्याचं नाव द्यायचंय. आमच्या कचेरीतला शिपाई बायकोच्या पाटल्या मोडून बसलाय. म्हणतो, साहेब लिहितील त्याच घोड्यावर लावणार.”

चाचांची सुई थांबली.

“कळत नाही, असं लिहा की.”

“मी? सात रविवारांनंतर? लोक तोंडावर हसतील, चाचा!”

चाचा उठले. शेजारच्या पेटीतून घोड्यांवर चढवायच्या शिशाच्या पट्ट्या काढल्या आणि एकेक करून पोंक्ष्यांच्या कोटाच्या खिशांत टाकू लागले.

पोंक्षे श्वास रोखून मोजत होते. पाच... सहा... सात. चाचांनी पेटी बंद केली.

“सात नंबर!” पोंक्षे ओरडलेच. “समजलो! तोंडाने बोलायचं नाही, खुणेनं सांगायचं!” आणि ते फाटकाकडे धावत सुटले.

धावले कसले. कोट खाली ओढत होता, खिसे मांड्यांवर आपटत होते. वीस पावलांत त्यांना धाप लागली.

ते परत आले. अंमळ ओशाळून.

“हा सात नंबरचा घोडा नाही?”

“हे तुमचे सात रविवार.”

“म्हणजे?”

“जो घोडा जिंकतो, त्याच्यावर पुढच्या वेळी आम्ही शिसं चढवतो. सगळे एका रेषेत यावेत म्हणून.”

“आणि जो हरतो?”

“त्याचं उतरवतो.”

 पोंक्ष्यांनी एकेक पट्टी काढून पेटीवर ठेवली. सातवी हातातच राहिली.

“मला भीती वाटते, चाचा,” ते हळूच म्हणाले. नावलौकिक मिळाल्यापासून इतकं खरं ते प्रथमच बोलले असावेत.

चाचा पुन्हा खोगिरापाशी बसले.

पोंक्ष्यांनी सातवी पट्टी खाली ठेवली. कागद गुडघ्यावर घेतला. आठ दिवस अडलेली ओळ एका दमात उतरली : ‘या शर्यतीत कोण जिंकेल, मला कळत नाही. कुणीही माझ्या भरवशावर पैसे लावू नयेत.’

त्यांनी ती पुन्हा वाचली. चेहरा पडला.

“हे छापून आल्यावर मला कोण वाचणार, चाचा?”

चाचांनी सुईत दोरा ओवला...

“घोड्यांनी आधी तरी कुठे वाचलं होतं?”